हत्याराची धार आणि यंत्राची ताकद

घरच्या लहानशा लेथवर काम करणारा हौशी माणूस पहिल्या निराशेचे खापर यंत्रावर फोडतो. लेथ थरथरतो, काम खरबरीत उतरते, हत्याराचे टोक उडते. आमचे म्हणणे असे, की पुष्कळदा दोष यंत्राचा नसून हत्याराच्या निवडीचा असतो. ते उमजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

धातू कापताना उष्णता फार होते, आणि तीच धारेची मोठी वैरीण. एकोणिसाव्या शतकात हत्यारे साध्या कार्बन पोलादाची असत. त्यांस धार सुरेख येई. परंतु सुमारे २५० अंश सेल्सिअसपुढे त्यांचे पाणी उतरे, म्हणून काम सावकाश करावे लागे. १८६८ साली इंग्लंडात रॉबर्ट मशेट यांनी नुसत्या हवेत निवताना कठीण होणारे टंगस्टनयुक्त पोलाद काढले. पुढे अमेरिकेत बेथलेहेमच्या कारखान्यात फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनी अशा पोलादाची हत्यारे जवळजवळ वितळण्याच्या बेतापर्यंत तापविली. इतक्या उष्णतेने पोलाद बिघडते अशी जुन्यांची समजूत; घडले उलटेच! १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचे हत्यार टोक लाल होऊनही कापीत राहिले. हेच हायस्पीड स्टील. पण जुने लेथ त्याला पुरे पडेनात. यंत्रेच अधिक भक्कम बांधावी लागली.

१९२३ मध्ये जर्मनीत कार्ल श्रॉटर यांनी टंगस्टन कार्बाइडचे पेटंट घेतले, आणि १९२७ साली क्रुप कंपनीने ते ‘विडिया’ नावाने लाइपझिगच्या जत्रेत मांडले. ते अधिकच कठीण, पण ठिसूळ. त्याला वेग आणि स्थैर्य दोन्ही हवीत.

आता घरचा हिशेब करू. २५ मिलिमीटर जाडीची मऊ पोलादी सळई हायस्पीड स्टीलने मिनिटाला ३० मीटर वेगाने कापायची, तर सुमारे ३८० फेरे पुरतात. कार्बाइडला १०० मीटर वेग दिला, तर फेरे १२७० च्या घरात जातात. तेवढे फेरे लहान लेथ घेईलही. परंतु त्यासोबत खोल काप घेण्याची शक्ती आणि न हलणारा सांगाडा तो कोठून आणणार? म्हणून घरी सहाणेच्या चाकावर हवी तशी धार लावता येणारे हायस्पीड स्टीलच बहुतेक कामांना बरे. पाणी दिलेले कठीण पोलाद कापायचे असेल, तर मात्र कार्बाइडच घ्यावे.

प्रत्येक नव्या हत्याराने नवे यंत्र मागितले, हे या इतिहासाचे सार आहे. ज्याला यंत्र बदलणे शक्य नाही, त्याने हत्यार यंत्राकडे पाहून निवडावे. बाजाराकडे पाहून नव्हे.