घडी की घडीचा फोटो?

मागच्या पावसाळ्यात मी ऑनलाइन लिलावात 'दीवार'चं पोस्टर जिंकलं. ६,५०० रुपयांना. वर्णनात लिहिलं होतं, '१९७५चं ओरिजिनल, मराठवाड्यातल्या एका बंद टॉकीजच्या गोडाऊनमधून.' शेवटची दहा मिनिटं मी फोन हातात घट्ट धरून बसलो होतो. समोर कुणीतरी पाचशे-पाचशेनं वाढवत होतं, आणि मीही इरेला पेटलो होतो. (तो 'कुणीतरी' कोण असावा, याचा विचार मी नंतर बराच केला.)

पोस्टर आलं. पिवळटलेला कागद, आडव्या-उभ्या घड्यांच्या पांढुरक्या रेषा, एक कोपरा जरासा कुरतडल्यासारखा. मी जाम खूश. आमच्या गल्लीत एक काका राहतात. ऐन तारुण्यात ते इथल्या एका थिएटरसाठी भिंतींवर पोस्टर लावायचे. म्हटलं, त्यांना दाखवू, जुन्या आठवणी निघतील. काकांनी चष्मा वर सरकवला आणि घडीच्या रेषेवरून अंगठा फिरवला. मग परत एकदा फिरवला.

"बेटा, ही घडी नाहीये. घडीचा फोटो आहे."

पोस्टर उलटं केलं. मागची बाजू कोरी, गुळगुळीत, एका सुरकुतीशिवाय. कुणीतरी खऱ्या पोस्टरचा फोटो काढून किंवा ते स्कॅन करून छापलं होतं. त्यात मूळ कागदाच्या घड्या, डाग, फाटका कोपरा, सगळं चित्राचा भाग होऊन आलं होतं.

त्या एका वाक्यावरून मी या विषयात शिरलो. पोस्टर खरं की खोटं हे ओळखायचं, तर आधी पोस्टर हे काम कसं करायचं ते कळायला हवं, एवढं माझ्या लक्षात आलं. चित्र ही बघायची वस्तू. पोस्टर वापरून संपवायची वस्तू होती. प्रेसमधून निघालं की त्याच्या घड्या घालून गठ्ठे बांधायचे, फिल्मच्या पेट्यांबरोबर ते रेल्वेनं किंवा एसटीनं गावोगाव जायचे. काका सांगतात, पहाटे मैद्याची खळ शिजवायची, किडे लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद टाकायचं, सायकलला बादली अडकवायची आणि उन्हं चढायच्या आत भिंती उरकायच्या. पुढच्या शुक्रवारी त्याच्याच डोक्यावर दुसरं पोस्टर. उरलेली रद्दीत, किलोवर. म्हणून तर ही पोस्टरं दुर्मीळ आहेत, आणि दुर्मीळ आहेत म्हणूनच नकली निघतात.

खऱ्या घडीवर शाई झिजलेली असते आणि आतला कागद उघडा पडलेला असतो. बोटाला ती लागते. मागच्या बाजूला ती घडी उलटी, उंचवट्यासारखी दिसते. ऑनलाइन विकत घेताना बोट लावता येत नाही, पण मागच्या बाजूचा फोटो मागता येतो. मी मागितला नव्हता.

आता कागद. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला खरं तर कागद कळायला हवा. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. तिथल्या हातकागदाची परंपरा थेट मुहंमद तुघलकाच्या काळाशी जोडली जाते. चिंध्यांपासून केलेला तसा कागद शतकं टिकतो. पोस्टरचा कागद त्याच्या अगदी उलटा, लाकडाच्या लगद्याचा आणि स्वस्त. त्यात आम्ल असतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. पण पडतो कसा? कडांकडून आत, जिथं हवा लागली तिथं जास्त, घडीच्या आत कमी. नकली पोस्टर सगळीकडे एकसारखं पिवळं असतं, चहात बुडवल्यासारखं. कधीकधी खरंच चहात बुडवलेलं असतं! आणखी एक गंमत: कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकद्रव्यं कागदाच्या धंद्यात साधारण १९५०च्या सुमारास आली. तेव्हा १९३६च्या 'संत तुकाराम'चं म्हणून विकलेलं पोस्टर अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली निळसर चमकलं, तर हात आखडता घ्या. 'दीवार'साठी मात्र ही परीक्षा कुचकामी.

छपाईचं तर स्वतंत्र शास्त्र आहे. आपल्याकडे पोस्टरची गोष्ट कोल्हापुरात सुरू होते, बाबूराव पेंटर यांच्यापासून. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या 'कल्याण खजिना'चं १९२४चं पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांपैकी मानलं जातं. बाबूराव स्वतः चित्रकार, पडदे रंगवणारे, त्यामुळे सिनेमा कसा विकायचा हे त्यांना हातानं ठाऊक होतं. तेव्हाची रंगीत छपाई शिळाप्रेसची. प्रत्येक रंग वेगळ्या दगडावर हातानं उतरवायचा, ठिपकेसुद्धा हातानं. भिंगातून बघितलं तर ते वेडेवाकडे, कुठं दाट कुठं विरळ दिसतात. पुढे ऑफसेट आलं. त्यात चार रंगांचे ठिपके शिस्तीत, फुलासारख्या गुच्छात बसतात. आजच्या इंकजेटमध्ये ना ते हातानं काढलेले ठिपके, ना फुलं, नुसता शिंतोडा.

सगळ्यात सोपी खूण मात्र अक्षरांत सापडते. जुन्या ऑफसेट पोस्टरवर खालची श्रेयनामावली बहुतेक वेळा भरीव रंगात छापलेली असते, कड सुरीसारखी. स्कॅन करून छापलं की अक्षरंही चित्राबरोबर ठिपक्यांत फुटतात. हल्लीच्या फोनचा मॅक्रो कॅमेरा एवढं दाखवतो. विक्रेत्याला सांगा, 'निर्माता' या शब्दाचा अगदी जवळून फोटो पाठवा. टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच.

आणि नावाची अक्षरं हातानं काढलेली असायची. एकाच पोस्टरवर एकच अक्षर दोनदा आलं, तर दोन्ही तंतोतंत सारखी नसतात. 'दीवार'चं पोस्टर करणारे दिवाकर करकरे फोटोवर ऑइलरंगांचे जाड फटकारे मारून चेहरे पेटवायचे. 'वक्त', 'अमर अकबर अँथनी' ही पोस्टरंही त्यांचीच. 'शोले'ची अक्षरं सी. मोहन यांची, 'मुघल-ए-आझम'च्या प्रचारचित्रांमागे कोल्हापूरचे जी. कांबळे. चांगल्या पुनर्मुद्रणात हे फटकारे निदान दिसतात तरी, पण घाईच्या नकलेत चेहरा मेणाचा होतो आणि कोपऱ्यातली चित्रकाराची सही पुसट होते किंवा कापली जाते. मला पैशांपेक्षा याचाच जास्त राग येतो. या माणसांची नावं सिनेमाच्या पडद्यावर क्वचितच मोठी झाली. ती कागदावर होती, आणि आता तिथूनही जाताहेत.

बाकी हा आजार फक्त आपला नाही. १९९७ मध्ये सदबीजच्या लिलावात 'द ममी' या १९३२च्या सिनेमाचं पोस्टर ४,५३,५०० डॉलरला गेलं. असा भाव म्हटल्यावर कारागीर उगवणारच. पुढे अमेरिकेत त्याच काळातल्या भयपटांची नकली पोस्टरं मुरलेल्या संग्राहकांच्या गळ्यात मारली गेली आणि प्रकरण कोर्टात गेलं.

आता माझ्या पोस्टरच्या 'मराठवाड्यातल्या टॉकीज'बद्दल. सिनेमाच्या धंद्यानं देशाचा नकाशा वेगळाच काढलाय, आणि त्यात आपल्या भागाचं नाव आहे 'निजाम'. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पण वितरकांच्या वहीत आपण निजाम टेरिटरीतच राहिलो. म्हणजे आपल्याकडच्या थिएटरचं पोस्टर हैदराबादच्या ऑफिसातून आलेलं असण्याची शक्यता जास्त. त्यावर तिकडचा शिक्का किंवा वितरकाच्या नावाची चिकटवलेली पट्टी असली, तर गोष्ट जुळते. नसली म्हणजे नकलीच असं नाही, पण 'गोडाऊनमध्ये सापडलं' ही कहाणी कुणीही लिहू शकतं.

तारखा पकडायला खालची बारीक ओळ वाचा, जिथं प्रेसचं नाव-पत्ता असतो. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ला आला. त्याआधी 'बॉम्बे-४' असं लिहायचे. तेव्हा १९५७च्या 'मदर इंडिया'वर सहा आकडी पिन दिसला, तर ते पोस्टर पहिल्या प्रदर्शनाचं नाही. तसंच 'यू/ए' हे प्रमाणपत्र १९८३ मध्ये आलं. १९७५च्या म्हणवणाऱ्या पोस्टरवर ते कसं असेल?

पण इथं जरा थांबा, कारण गुंता आहे. पिनवालं 'मदर इंडिया' नकलीच असेल असं नाही. जुने सिनेमे पुनःपुन्हा लागायचे आणि प्रत्येक वेळी नवी पोस्टरं छापली जायची. तीही भिंतींसाठीच, थिएटरसाठीच. 'मुघल-ए-आझम' १९६०चा, पण २००४ मध्ये रंगीत होऊन पुन्हा लागला तेव्हाचं पोस्टरही आपल्या जागी अस्सलच. त्याची किंमत वेगळी, एवढंच. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा एका खणातली वस्तू दुसऱ्या खणाच्या भावानं विकली जाते.

मापही विचारा. एका शीटचं जुनं पोस्टर साधारण ३० बाय ४० इंच. टेप लावलेला फोटो मागा. १२ बाय १८ वगैरे निघालं, तर ते भिंतीवर नाही, तुमच्या बेडरूममध्ये लावायला छापलंय. आणि मागून कापड चिकटवलेलं असेल, तर ते जपणुकीसाठी असू शकतं, पण त्यानं मागची बाजू झाकली जाते हेही ध्यानात ठेवा.

माझं काय झालं? विक्रेत्यानं आधी 'गॅरंटी होती का?' विचारलं, मग उत्तर देणंच बंद केलं. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची. मी लिहिलं, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनलाही फोन लावला. लिलावाच्या पानाचे स्क्रीनशॉट मी सुदैवानं ठेवले होते. प्रकरण अजून चालू आहे.

काकांना मी विचारलं, तुमच्याकडे एकही उरलं नाही? ते म्हणाले, रद्दीवाल्यानं सगळं नेलं. मग काहीतरी आठवून आतल्या खोलीत गेले. लोखंडी ट्रंक, वर गोधड्या. गोधड्या काढल्या तर तळाला अंथरलेलं पोस्टर, 'जय संतोषी माँ'चं. 'दीवार'च्याच सालचा, १९७५चा सिनेमा. घडीवर कागद कापडासारखा मऊ झालेला, कडा तपकिरी, मधला भाग अजून उजळ. ट्रंकेत बसावं म्हणून खालची पट्टी कापलेली, म्हणजे प्रेसची ओळ गेली. कोपरा उचलून मागं बघितलं. जांभळा रबरी शिक्का, अर्धा पुसलेला, पण 'हैदराबाद' वाचता येत होतं.

मी म्हटलं, काका, याला गिऱ्हाईक मिळेल. काका म्हणाले, "मग गोधड्या कशावर ठेवू?"