वीस इंचांची हद्द

‘गावठी कट्ट्यासह तरुणाला अटक’ ही ओळ आता वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर इतकी रुळली आहे, की बहुतेक लोक ती न वाचताच पुढे जातात. आपल्या घरांत मात्र ती वाचली जाते. नजर आधी नावाकडे जाते. नाव आपल्यातले निघाले तर पेपराची घडी घालून ठेवली जाते आणि त्या दिवशी बाजारात आपण दोन शब्द कमीच बोलतो. हा कट्टा म्हणजे आहे तरी काय? एका वेळी एकच बार काढणारे, आखूड नळीचे, पिशवीत किंवा कमरेला दडणारे हत्यार. कुठे ते लोखंडी नळीपासून घडवलेले असते, तर कुठे जुन्या एकनळी शिकारी बंदुकीची नळी आणि दस्ता कापून तयार केलेले असते.

रामटेकच्या आसपास वाढलेल्या आमच्या पिढीने ही एकनळी तिच्या पूर्ण लांबीत पाहिली आहे. आज तिचे हे तोकडे रूप पाहताना, ती लांबीला का होती आणि आखूड झाली म्हणजे नेमके काय गेले, हे नव्या पिढीला सांगावेसे वाटते.

कायद्याने या लांबीला एक माप घालून दिले आहे. शस्त्र अधिनियम १९५९ साली मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमात म्हटले आहे, की संरक्षणासाठी किंवा शिकारीसारख्या खेळासाठी कुणी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची छऱ्याची बंदूक मागितली, किंवा पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर हरकत घेण्यासारखे काही नसल्यास परवाना द्यावा. त्याच कायद्याचे सहावे कलम सांगते, की खास परवान्याशिवाय कुणीही बंदुकीची नळी कापून आखूड करू नये. वीस इंच म्हणजे सुमारे एक्कावन्न सेंटिमीटर, हातभरापेक्षा थोडे अधिक. एवढ्या लांबीवर शेतकऱ्याची बंदूक आणि गुन्हेगाराचे हत्यार यांच्यातली हद्द आखलेली आहे.

आखूड बंदूक मुळातच वाईट, असे मात्र इतिहास म्हणत नाही. ‘बंदूक’ हा शब्दच आपल्याकडे अरबीतून आला. ‘बुंदुक’ म्हणजे एक गोल कवचीचे फळ. त्यावरून मातीच्या गोळीला तेच नाव पडले आणि दारूचा शोध पसरल्यावर ते गोळी उडवणाऱ्या नळीला चिकटले. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या बंदूकखान्याचे वर्णन आहे. तिथे लांब नळीच्या बंदुकांबरोबर ‘दमानक’ नावाच्या आखूड बंदुकांचीही नोंद आहे. पुढे घोडेस्वारांसाठी रुंद तोंडाची, आखूड बंदूक निघाली. तिला ‘शेरबच्चा’ म्हणत. एका हातात लगाम धरून लांब तोड्याची बंदूक सांभाळता येत नाही, म्हणून ती आखूड झाली. पण शेरबच्चा स्वाराच्या अंगावर सर्वांना दिसे. तो लपवायसाठी घडवलेला नव्हता.

बंदुका घडवण्याच्या कसबातही आपल्या इतिहासाचा एक धागा आहे. बंगालचा नवाब मीर कासिम याने इंग्रजांच्या दडपणातून मोकळे होण्यासाठी राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला हलवली. तिथे त्याचा आर्मेनियन सेनापती गुर्गीन खान याने बंदुकांचे कारखाने उभे केले. १७६४ साली बक्सरच्या लढाईत मीर कासिमची बाजू हरली, पण मुंगेरच्या लोहारांचे कसब मागे राहिले. स्वातंत्र्यानंतरही मुंगेरला परवानाधारक कारखान्यांत बारा बोरच्या बंदुका होत राहिल्या. बिनपरवाना कट्ट्यांच्या बातम्यांतही आज याच गावाचे नाव पुन्हा पुन्हा येते. एका नवाबाने इंग्रजांशी लढायला उभारलेली विद्या गल्लीबोळात चोरून विकली जावी, याहून मोठी शोकांतिका कोणती?

आता आपल्या नागपूर प्रांताकडे येऊ. भोसल्यांच्या पदरी अरब सैनिक होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हा ते आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने लढले. दरबार नमल्यावरही त्यांनी डिसेंबरअखेरपर्यंत शहर सोडले नाही. त्यांच्या तोड्याच्या बंदुका लांब नळीच्या होत्या. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. १८५७ च्या जूनमध्ये इथल्या घोडदळात उठावाची तयारी झाली आणि ती फसली. नवाब कादर अली आणि त्यांच्या साथीदारांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी दिले गेले. त्यानंतर देशभर लोकांची शस्त्रे काढून घेण्याचे सत्र सुरू झाले. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली.

त्याच काळात सातपुड्याची जंगले साहेबांच्या शिकारीने गाजत होती. रामटेकच्या उत्तरेला सिवनीचा मुलूख लागतो. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने १८६३ मध्ये शिकारी रायफलींवर पुस्तक लिहिले आणि मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरचे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये निघाले. स्टर्नडेलचे सिवनीवरचे पुस्तक १८७७ चे आहे. यानंतर वर्षभरातच हिंदी माणसाच्या बंदुकीवर कायद्याचे कुलूप पडले. साहेबाची रायफल मात्र जंगलात मोकळी फिरत राहिली.

या कायद्याला नागपुरातच एक विलक्षण आव्हान मिळाले. १९२७ साली मंचरशा आवारी या पारशी काँग्रेस कार्यकर्त्याने शस्त्रबंदी मोडण्याचा सत्याग्रह पुकारला. बंगालमधील स्थानबद्धांच्या सुटकेची मागणी त्यामागे होती. लोक त्यांना ‘जनरल आवारी’ म्हणू लागले. सत्याग्रही भर रस्त्याने तलवारी घेऊन निघत आणि अटक करवून घेत. गांधीजींनी या लढ्याला पाठिंबा दिला नाही. अहिंसेचे नाव घेऊन शस्त्र मिरवणे त्यांना विसंगत वाटले. हा वाद आजही रंगू शकतो. आमच्या विषयापुरती एकच गोष्ट लक्षात घ्यायची आहे. त्या तलवारी उघड्या होत्या. ज्याने त्या धरल्या, त्याने स्वतःचा चेहरा आणि नावही सरकारपुढे धरले.

आमच्या लहानपणी, १९७० च्या अलीकडे-पलीकडे, रामटेकच्या पंचक्रोशीत परवान्याची एकनळी कुणाकडे आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. ती बारा बोरची असायची. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल, ती नळी बारा बोरची. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटर. नळी मध्ये मोडायची, एक काडतूस घालायचे, घोडा ओढायचा, बार काढायचा आणि पुन्हा मोडायची. दुसरा बार लगेच काढता येत नसल्याने पहिला फुकट घालवणे परवडत नसे.

पावसाळा सरला की रविवारी आम्ही पोरे मोठ्यांबरोबर सूर नदीवर जायचो. कधी लांबचा बेत असला तर पेंचच्या काठापर्यंत मजल जाई. सायकलींना डबे, पातेली आणि तांदळाची पिशवी बांधलेली. एकनळी चाचांच्या खांद्यावर. वाटेत पानमळ्यातले बरई हाक मारून विचारायचे, “आज काय बेत?” चाचा हसून म्हणायचे, “नशिबात असेल ते.” सगळा गाव बघत असे, त्यामुळे लपवण्याचा प्रश्नच नव्हता. नदीवर पोचल्यावर कुणी वाळूत झरा खणून पिण्याचे पाणी काढी, कुणी पळसाची पाने तोडून पत्रावळी लावी, कुणी डोहात उड्या मारी. शिकार मिळालीच तर एखाददुसरा तितर किंवा ससा. नाही मिळाली तर डाळभात होताच.

पोरांपैकी सर्वांत चपळ पोराकडे सुरी असे. चाचांचा दंडक होता, “छुरी पहले, बंदूक बाद में.” सुरीवाला जागेवर उभा राहिल्याशिवाय ते बार काढत नसत. त्यामागे शरियतचा एक बारीक मुद्दा होता. सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीत, मार लागून मेलेला प्राणी निषिद्ध सांगितला आहे. बाण टोकाने लागला तर शिकार हलाल आणि आडवा आदळून जीव गेला तर नाही, असा भेद फिकहच्या ग्रंथांत आहे. बंदुका येण्यापूर्वीच मातीच्या गोळीने मारलेल्या पक्ष्याची चर्चा तिथे झालेली आहे आणि तिथला शब्दही ‘बुंदुका’ असाच आहे. म्हणून आपल्याकडच्या हनफी उलेमांनी सामान्यतः असे ठरवले, की छऱ्याने पडलेला पक्षी जिवंत हाती लागून त्याचा जबह झाला तरच तो खावा. पक्षी पडला की सुरीवाला काट्याकुट्यांतून धावे. तो वेळेत पोचला नाही तर पक्षी दस्तरखानावर येत नसे. त्यामुळे दूरचा, अंदाजाचा बार कुणी काढायचाच नाही, अशी शिस्त आपोआप लागली होती.

एकदा कुणाच्या तरी ओळखीचा एक जवान नदीवर कापलेली एकनळी घेऊन आला. नळीच्या तोंडात चिखल गेल्याने ती फुगली होती, म्हणून पुढचा भाग कापून टाकला, असे तो सांगत होता. दस्ताही अर्धा छाटलेला होता. आम्हा पोरांना ती फारच ऐटदार वाटली. चाचांनी ती हातात घेऊन पाहिली आणि परत केली. म्हणाले, “बेटा, ही घेऊन आमच्याबरोबर चालायचे नाही.” तो रुसून गेला. आम्हालाही तेव्हा चाचा फार कडक वाटले.

त्यांच्या नकारामागचे शास्त्र आम्हाला पुढे कळले. शिकारी बंदुकीची नळी बऱ्याचदा तोंडापाशी किंचित निमुळती केलेली असते. त्या निमुळतेपणाने छर्रे एकवटून जातात. पूर्ण निमुळत्या नळीतून चाळीस यार्डांवर सुमारे सत्तर टक्के छर्रे तीस इंचांच्या वर्तुळात पडतात. नळी सरळ असेल तर चाळीस टक्केच. तोंड कापले की हा निमुळता भाग जातो आणि छर्रे पांगतात. आखूड नळीवर नेमही नीट धरता येत नाही आणि अर्ध्या दस्त्याची बंदूक खांद्याला टेकत नाही. पक्षी मरत नाही, जखमी होऊन झुडपात शिरतो आणि तिथे तडफडून मरतो. तो जबहलाही मिळत नाही आणि पोटालाही लागत नाही. म्हणजे शिकारीच्या कामाला ही बंदूक निरुपयोगी. शेतात रानडुकराला पिटाळायलाही ती पूर्ण लांबीच्या बंदुकीपेक्षा कमअस्सल. तिचा एकच गुण वाढलेला असतो, तो म्हणजे लपण्याचा. आणि लपवलेल्या बंदुकीचे सावज तितर किंवा ससा नसते.

शिकारीचे ते दिवस कायद्याने संपवले आणि ते योग्यच झाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला, तरी लहान शिकारीचे परवाने काही काळ मिळत होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही बंद झाले. पेंचचे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९९ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. तोतलाडोहच्या धरणाने नदीचे रूपही बदलले. ज्या काठावर आम्ही चुली मांडल्या, तिकडे आज वाघ पाहायला देशभरातून माणसे येतात. त्याचा आम्हाला आनंदच आहे. जंगलात बंदूक नसावी, हे आमच्या पिढीने मनापासून मान्य केले आहे.

खंत आहे ती वेगळी. शिकार गेली तेव्हा तिच्याबरोबर आलेली शिस्तही आपण सोडून दिली. मोठ्यांबरोबर दिवसभर नदीवर राहणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हत्यार कुणाच्या हाती द्यायचे आणि कुणाच्या नाही हे वडीलधाऱ्यांनी ठरवणे, पोरांनी ते निमूट ऐकणे, हे सगळे बंदुकीपेक्षा मोलाचे होते. आज पोरगा घरातून कुठे जातो, कुणाबरोबर बसतो, हे अनेक घरांत कुणाला माहीत नसते. त्याच्या हातात कट्टा पोलिसांना दिसतो, तेव्हाच तो आई-बापालाही पहिल्यांदा दिसतो.

अशा पोराचे पुढे काय होते, तेही सांगायला हवे. परवान्याशिवाय नळी कापण्याला पूर्वी तीन ते सात वर्षांची कैद होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी झाली. करवतीच्या चार-दोन ओढ्यांत वीस इंचांची हद्द ओलांडली जाते आणि एका पोराचे आयुष्य त्या पलीकडे पडते. शिवाय त्याच्या एकट्याच्या गुन्ह्याचा हिशेब सगळ्या मोहल्ल्याकडे मागितला जातो. हा अन्यायच आहे आणि त्याविरुद्ध आपण बोललेच पाहिजे. पण बोलताना आपली पाटी कोरी असली तर शब्दाला वजन येते. आपल्यातल्या पोराची चूक झाकून ठेवणे म्हणजेही एक प्रकारचा आखूड कट्टा बाळगणेच आहे.

आमच्या घरांमधल्या जुन्या एकनळ्या आता बहुतेक गेल्या. काही वारसांनी परवाना पुढे चालू न ठेवता पोलीस ठाण्यात जमा केल्या, काही विकल्या गेल्या. त्यांच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. सूर नदी अजून आहे. पावसाळा सरला की तिची वाळू उघडी पडते. बाप, चाचा आणि मामू यांनी पोरांना सायकलीवर बसवून एखाद्या रविवारी तिथे न्यावे, झरा खणायला लावावे, भात शिजवायला शिकवावे. खांद्यावर काहीच नसले तरी चालेल.