चिन्हांकित उत्परिवर्तन तंत्र

चिन्हांकित उत्परिवर्तन तंत्र : प्राण्याच्या शरीरात तग धरण्यासाठी, वाढण्यासाठी व रोग निर्माण करण्यासाठी जीवाणूला लागणारी जनुके शोधण्याची पद्धत. इंग्रजीत ती ‘सिग्नेचर-टॅग्ड म्यूटाजेनेसिस’ या नावाने ओळखली जाते. लंडनमध्ये डेव्हिड होल्डन, मायकेल हेन्सेल व सहकाऱ्यांनी विकसित केलेली ही पद्धत १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

रोगकारकतेच्या जनुकांची उणीव प्रयोगशाळेतील पोषक माध्यमात सहसा जाणवत नाही. असे जनुक निकामी झालेला, म्हणजे उत्परिवर्तित, जीवाणू तेथे इतरांप्रमाणेच वाढतो आणि शरीरात शिरल्यावर मात्र मागे पडतो. त्यामुळे पूर्वी प्रत्येक उत्परिवर्तित जीवाणूची चाचणी स्वतंत्र प्राण्यात घ्यावी लागे व हजारोंची छाननी करणे जवळजवळ अशक्य होते. या तंत्राने अनेकांची चाचणी एकाच प्राण्यात घेता येऊ लागली.

त्यासाठी ट्रान्स्पोझॉन, म्हणजे जनुकसंचात कोठेही शिरू शकणारा डीएनएचा तुकडा, वापरतात. तो ज्या जनुकात शिरतो ते निकामी होते. शिवाय प्रत्येक तुकड्यात बेस जोड्यांचा एक वेगळा क्रम ओळखखूण म्हणून घातलेला असतो. मूळ प्रयोगात साल्मोनेला टायफीम्यूरियमचे ९६ उत्परिवर्तित जीवाणू एकत्र करून उंदराच्या उदरपोकळीत टोचण्यात आले आणि नंतर प्लीहेतून जिवंत जीवाणू परत मिळवण्यात आले. टोचण्यापूर्वीच्या मिश्रणात असलेली, परंतु प्लीहेतील जीवाणूंत न आढळणारी खूण ज्याची, तो जीवाणू संसर्गात टिकू शकला नाही असे ठरते आणि ट्रान्स्पोझॉनलगतच्या डीएनएचा क्रम वाचून निकामी झालेले जनुक ओळखता येते.

एकूण १,१५२ उत्परिवर्तित जीवाणूंच्या या छाननीतून ‘साल्मोनेला रोगकारकता द्वीप-२’ हा जनुकसमूह उजेडात आला. त्यातील जनुके सुईसारखी स्रावयंत्रणा घडवतात. तिच्याद्वारे महाभक्षी पेशीच्या आतून जीवाणू आपली प्रथिने त्या पेशीत सोडतो व जंतू गिळणाऱ्या त्याच पेशीत वाढतो.

तंत्राला मर्यादाही आहेत. जगण्यासाठीच अत्यावश्यक असलेली जनुके त्यातून सापडत नाहीत, कारण ती निकामी झालेला जीवाणू माध्यमातही वाढत नाही. बाहेर स्रवणाऱ्या विषाची उणीव मिश्रणातील इतर जीवाणू भरून काढू शकतात. मिश्रण फार मोठे असल्यास काही खुणा केवळ योगायोगाने नाहीशा होतात. म्हणून संशयित जनुक स्वतंत्रपणे निकामी करून रोगकारकता घटते का आणि ते पुन्हा बसवल्यावर ती परत येते का, हे स्टॅन्ली फाल्को यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार तपासावे लागते. २००९ पासून ट्रान्स्पोझॉनच्या जागा थेट क्रमवाचनाने मोजणाऱ्या पद्धतींमुळे असंख्य उत्परिवर्तनांची एकाच वेळी छाननी शक्य झाली असून, दुर्बल केलेल्या जिवंत जीवाणूंच्या लसी व नवी औषधलक्ष्ये शोधण्यासाठी अशा माहितीचा उपयोग होतो.