गिटारीवरील सही



सही या गोष्टीशी माझा संबंध तीस वर्षांचा आहे. कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाचे निम्मे आयुष्य सह्या मिळवण्यात जाते. मागणीपत्रावर कामगारांच्या आणि करारावर मालकांच्या. शाळा मी लवकर सोडली. पुढे जे शिकलो ते अशा कागदांवरून आणि रात्री वाचलेल्या पुस्तकांवरून. त्यामुळे माझ्या मुलाने विजेवर वाजणारी गिटार घरी आणली आणि तिच्या माथ्यावरची एका परदेशी वादकाची सही मोठ्या अभिमानाने दाखवली, तेव्हा माझ्या मनात प्रश्न आला तो असा की, हे वाद्य ज्याने घडवले त्याची सही कोठे आहे? त्या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

या सह्यांत सर्वांत प्रसिद्ध सही लेस पॉल याची. हा १९१५ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात जन्मलेला वादक. पोकळ गिटारीचा आवाज विजेने वाढवला की तिचे पोट घुमू लागे आणि वाद्य किंचाळे. यावर तोड म्हणून त्याने १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एपिफोनच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी बसून चार इंच जाडीच्या भरीव लाकडावर तारा चढवल्या, आणि ते वाद्य दिसावे म्हणून दोन्ही अंगांना गिटारीचे अर्धे अर्धे भाग जोडले. गिब्सन कंपनीने प्रथम त्याला दाद दिली नाही. परंतु १९५० मध्ये कॅलिफोर्नियात रेडिओदुरुस्तीच्या धंद्यातून पुढे आलेल्या लिओ फेंडर याने भरीव गिटार बाजारात आणली, तेव्हा गिब्सनचे डोळे उघडले. करार झाला आणि १९५२ मध्ये लेस पॉलच्या नावाची सोनेरी गिटार दुकानात आली. नावाबद्दल त्याला विक्रीवर मोबदला मिळे.

मग ती गिटार बनवली कोणी? त्या वेळचे गिब्सनचे अध्यक्ष टेड मॅकार्टी सांगत की रचना बहुतांशी कारखान्यातील माणसांची. लेस पॉल आपला वाटा बराच मोठा सांगे. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. पण गिटारीवर नाव एकाचेच राहिले, आणि तेही कंपनीच्या सोयीने. विक्री घटली तेव्हा १९६१ मध्ये आकार बदलण्यात आला आणि १९६३ मध्ये नावही उतरवण्यात आले. पुढे १९६६ साली एरिक क्लॅप्टन या इंग्लिश तरुणाने जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रिकेत तीच जुनी गिटार वाजवली. मागणी वाढली, आणि १९६८ मध्ये ते नाव पुन्हा गिटारीवर आले.

आता कोणी म्हणेल की, वादकाच्या नावाला मग काहीच अर्थ नाही काय? तसे नाही. बी. बी. किंग याचेच पाहा. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत राबलेला हा काळा माणूस १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सामधील ट्विस्ट या खेड्यात वाजवत होता. ऊब मिळावी म्हणून मध्यभागी पिंपात रॉकेल पेटवले होते. दोघांची मारामारी झाली, पिंप उलटले आणि आग लागली. बाहेर पडलेला किंग आपल्या गिटारीसाठी जळत्या घरात परत शिरला. भांडण ल्यूसील नावाच्या बाईवरून होते, हे त्याला मागून कळले. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक गिटारीचे नाव ल्यूसील. गिटार घुमू नये म्हणून तो तिच्या पोटाच्या फटींत कापड कोंबत असे. १९८० मध्ये गिब्सनने त्याच्या नावाची गिटार काढली, तेव्हा त्या फटीच ठेवल्या नाहीत. अशी सही मी खरी मानतो. तिच्यामागे वाजवणाऱ्याचा अनुभव आहे.

माझे म्हणणे एवढेच की, अनुभव दुसऱ्याही बाजूला असतो. या गिटारीचा प्राण म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली, केसासारखी बारीक तांब्याची तार. तिचे हजारो वेढे असतात. पोलादी तार थरथरली की या वेढ्यांत वीज उत्पन्न होते आणि तीच पुढे आवाज होऊन बाहेर पडते. मोटारींचे कॉइल गुंडाळणाऱ्या बायका मी आमच्याकडे पाहिल्या आहेत. तार तुटली तर त्यांचे नाव निघते, तुटली नाही तर कोणी नाव घेत नाही. फेंडरच्या कारखान्यात अ‍ॅबिगेल इबारा ही स्त्री १९५६ मध्ये लागली आणि हेच काम करीत २०१३ मध्ये निवृत्त झाली. उतारवयात तिच्या हातच्या कॉइलवर तिची सही येऊ लागली आणि लोक ती मागून घेऊ लागले. असे भाग्य फार थोड्यांचे.

फेंडरने पहिली सहीची गिटार क्लॅप्टनच्या नावाने १९८८ मध्ये काढली. पुढे तर नवल झाले. आयर्लंडच्या रॉरी गॅलाहरने १९६३ मध्ये कॉर्क शहरात घेतलेल्या गिटारीचा रंग तीस वर्षांच्या वाजवण्याने पार उडाला होता. कंपनीने तशाच झिजलेल्या नव्या गिटारी विकायला काढल्या. म्हणजे वादकाच्या हाताने झालेली झीज आता कामगाराने मजुरीवर करायची!

आणि सहीमागचे हात नकोसे झाले की काय होते? गिब्सनचा कॅलमझू येथील कारखाना १९१७ पासूनचा. कंपनीने काम नॅशव्हिल शहरी नेले आणि १९८४ मध्ये कॅलमझूला कुलूप लागले. नाव नॅशव्हिलला गेले. पण जे कारागीर गाव सोडून गेले नाहीत, त्यांतील काहींनी १९८५ मध्ये त्याच जुन्या इमारतीत ‘हेरिटेज’ नावाने गिटारी बनवायला आरंभ केला. सर्वांना तेथे काम मिळणे शक्य नव्हते. तरीही ही हकीकत मी आमच्या सभांत अनेकदा सांगतो.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. १९५० च्या दशकात फेंडरच्या कारखान्यातील तादेओ गोमेझ हा कामगार गिटारीची मान तयार झाली की तिच्या टोकावर पेन्सिलीने आपली आद्याक्षरे व तारीख लिहीत असे. मान धडावर बसली की ती अक्षरे झाकून जात; स्क्रू काढल्यावाचून दिसत नसत. हे वाचल्यावर एका रविवारी मुलाने आणि मी त्याच्या गिटारीचे चार स्क्रू काढून पाहिले. आत एक छापील आकडा होता. नाव नव्हते.