स्वारगेटच्या सदनिका कुणी घडवल्या?

स्वारगेटभोवती, विशेषतः मुकुंदनगर आणि शुक्रवार पेठेच्या बाजूला, तीन-चार मजली जुन्या इमारती अजून दिसतात: सपाट गच्ची, आडवे छज्जे, जिन्याला सिमेंटची जाळी, आत मोझाइकची फरशी. पुणेकराने आधुनिक राहणीच्या ओढीने वाडा सोडला, असे सहसा सांगितले जाते. माझ्या मते ही घरे आवडीनिवडीपेक्षा कायद्याने घडवली. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला गोठवली. वाड्याच्या मालकाला डागडुजी परवडेना आणि भाड्यासाठी नवे बांधण्यात फायदा उरेना. मग विकण्यासाठी बांधणे आले. पण दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या विकायच्या कशा? १९६३च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याने वाट घालून दिली: आगाऊ रक्कम घेण्याआधी नोंदणीकृत करार, ती रक्कम किमतीच्या २० टक्क्यांच्या आत, पुढे सोसायटीची स्थापना आणि जमीन तिच्या नावे. नकाशाही त्यानुसार बदलला. वाड्यातला चौक आणि हौद साऱ्या बिऱ्हाडांचे असत. विकायचे घर मात्र मोजून, दाराआड बंद करून द्यावे लागते. स्वयंपाकघर, मोरी, संडास आत गेले. सामाईक राहिले ते जिना, गच्ची आणि पाण्याची टाकी.

यावर पानशेत धरणफुटीचे नाव निघेल. १२ जुलै १९६१च्या पुराने नदीकाठच्या पेठांतले वाडे पाडले, हे खरेच. पण स्वारगेट मुठेच्या काठावर नाही, आणि पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती सरकारी पुढाकाराने उभ्या राहिल्या. पुराने घराची निकड वाढवली. मालकीची रीत त्यातून निघाली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुंबईत गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहसंस्था १९१५ सालीच निघाली होती. मात्र तिथले सभासद एका ज्ञातीचे, एकमेकांच्या ओळखीचे होते. अनोळखी माणसांनी एका छपराखाली घरे विकत घ्यावीत, एवढा भरवसा कायद्यानेच दिला. छज्जे आणि जाळ्यांची घडण मुंबईकडून आली, हे मी मान्य करतो.

तो भरवसा अपुरा ठरला, हेही नोंदवायला हवे. कित्येक ठिकाणी जमीन सोसायटीच्या नावे झालीच नाही, म्हणून २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहकार्याविना जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याची, तरतूद करावी लागली. सप्टेंबर २०२४पासून स्वारगेटला भुयारी मेट्रो धावते आणि शहरभर पुनर्विकासाचे ठराव होत आहेत. पुनर्विकास करताना मंजूर नकाशा, पहिला करारनामा आणि पहिल्या सभेचे इतिवृत्त रद्दीत घालू नका; ही घरे कायद्याने कशी घडवली, हे त्याच कागदांत आहे.