धुराच्या नळींतील अश्वबल

नंदुरबार जिल्ह्यांत तापीकांठीं सारंगखेडा येथें दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पारखी माणूस घोड्याची छाती, पाय व दम पाहतो. खिंकाळणें ऐकून कोणी किंमत ठरवीत नाहीं. मोटारसायकलीची पारख मात्र पुष्कळ तरुण आवाजावरून करितात. सायलेन्सर पोकळ केला, गर्जना वाढली, कीं अश्वशक्ति वाढली, असा त्यांचा समज असतो.

या समजाचें मूळ अगदींच खोटें नाहीं. यंत्राचें बळ वाढवावयाचें तर सिलिंडरांत अधिक हवा व तिला साजेसें पेट्रोल गेलें पाहिजे; आणि ताजी हवा शिरावयाची तर जळका वायु आधीं बाहेर पडला पाहिजे. परंतु हा वायु पाण्याच्या लोंढ्यासारखा नुसता वाहत नाहीं. प्रत्येक स्फोटाबरोबर नळींत दाबाची एक लाट धांवते. नळी जेथें रुंदावते तेथून ती ओढ बनून माघारी येते व उरलेला वायु खेंचून काढते. नळी जेथें निमुळती होते तेथून ती दाब बनूनच परतते.

या परतत्या लाटेला कामास लावण्याची विद्या पूर्व जर्मनींतील एम्. झेड्. कारखान्याचे अभियंते वॉल्टर काडेन यांनीं पूर्णत्वास नेली. टू-स्ट्रोक यंत्रांत थोडें ताजें मिश्रण जळक्या वायूबरोबरच निसटून जातें. मध्यें फुगीर व शेवटीं निमुळती अशी नळी जोडून काडेन यांनीं द्वार मिटण्यापूर्वींच तें मिश्रण लाटेकरवीं पुन्हां आंत लोटलें. १९६१ मध्यें त्यांच्या १२५ सी.सी.च्या यंत्रानें २५ अश्वशक्ति दिली! त्याच वर्षीं त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळीं पळून गेला, आणि ही विद्या जपानच्या सुझुकी कंपनीच्या हातीं पडली. १९६२ चें ५० सी.सी.चें जगज्जेतेपद त्यानें सुझुकीवरच जिंकलें. पत्र्याच्या एका नळीपायीं एवढें नाट्य घडलें.

पुण्याच्या बजाज ऑटोनें फोर-स्ट्रोक गाड्यांत याच तत्त्वाचा निराळा उपयोग केला. ‘एग्झॉस्टेक’ नांवाची लहानशी कुपी यंत्राजवळच्या नळीस जोडली. तिच्या योगें कमी फेऱ्यांवर ओढ वाढते. मागें माणूस व पुढें धान्याचें पोतें घेऊन सातपुड्याचा घाट चढणाऱ्याला गरज असते ती याच ओढीची. सायलेन्सर पोकळ केला कीं ही मांडणी बिघडते, आणि नेमकी तीच ओढ बहुधा घटते. महाराष्ट्रांतील अनेक शहरांत पोलिसांनीं असे सायलेन्सर रोडरोलरखालीं चिरडले आहेत, तें अर्थात् गोंगाटासाठीं.

पेट्रोलचा हिशेबही असाच काटेकोर. पूर्ण ज्वलनास एक भाग पेट्रोलला वजनानें १४.७ भाग हवा लागते. सर्वाधिक बळ मात्र त्याहून थोड्या दाट मिश्रणांत मिळतें. शहाद्याहून तोरणमाळ चढतांना हवा विरळ होत जाते. सुमारें ११५० मीटर उंचीवर ती जवळजवळ दहाव्या हिश्श्यानें उणी भरते. कार्बोरेटर सपाटीच्याच बेतानें पेट्रोल सोडीत राहतो. मिश्रण वाजवीहून दाट होतें व गाडी जड चालते. त्यावर बारीक जेट बसविणें हा जुना उपाय. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ चे नियम लागूं झाले, व बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरची जागा इंधन-फवारणीनें घेतली. हवा जोखून ती पेट्रोल आपणच बेतते. विरळ हवेनें हिरावलेलें बळ मात्र तिलाही परत आणतां येत नाहीं.