यादीबाहेरचे घर

ज्यूरीचा उल्लेख मराठी लेखनात बहुधा दोनच निमित्तांनी येतो. एक, लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचे खटले. दुसरे, नानावटी प्रकरण. १८९७ मध्ये सहा युरोपीय ज्यूररांनी टिळकांना दोषी ठरवले आणि तीन हिंदी ज्यूररांनी निर्दोष. १९०८ मध्ये तेच प्रमाण सातास दोन झाले. १९५९ मध्ये नानावटींना आठ विरुद्ध एक अशा मतांनी निर्दोष ठरवले गेले. हे आकडे आपल्याला पाठ असतात, कारण त्यांच्या मागे असलेला प्रश्न आपल्याला महत्त्वाचा वाटत आला आहे : न्याय करायला कोण बसले होते? गोरे की काळे, सरकारचे मिंधे की स्वतंत्र बाण्याचे?

या प्रश्नाची दुसरी बाजू मात्र आपण सहसा विचारात घेतलेली नाही. तिथे कोणाला बसताच येत नव्हते? आणि जे बसत, त्यांचे घर त्या दिवसांत कोण चालवत होते? इंग्लंड-अमेरिकेत आज ज्यूरीचे समन्स आले की घरोघर एकच चर्चा सुरू होते. मूल कोणाकडे ठेवायचे, कचेरीतले काम कोण बघणार, खटला लांबला तर काय करायचे? ही तक्रार वरवर क्षुल्लक वाटते. पण तिच्यात एक मोठी गोष्ट गृहीत धरलेली असते. कडेवर मूल असलेली व्यक्तीदेखील न्याय करण्यास पात्र आहे, हे कायद्याने मान्य केल्याखेरीज ही तक्रार निर्माणच होऊ शकत नाही. आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे ज्यूरी होती, आणि आईची ही तक्रार इथे कायद्यापुढे उभीच राहू शकली नाही. ती का राहू शकली नाही, हे पाहणे हाच या लेखाचा हेतू आहे.

उत्तर १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सापडते. तिच्या ३१९ व्या कलमानुसार एकवीस ते साठ वर्षे वयाचे सर्व पुरुष आपल्या जिल्ह्यात ज्यूरर किंवा असेसर म्हणून काम करण्यास बांधील होते. सत्र न्यायाधीश आणि कलेक्टर यांनी मिळून अशा माणसांची यादी करायची. त्यात नाव, राहण्याचे ठिकाण आणि दर्जा अथवा व्यवसाय नोंदवायचा. यादी लोकांना दिसेल अशी लावायची, हरकती ऐकायच्या आणि दरवर्षी ती सुधारायची. समन्स मिळूनही सबळ कारणाशिवाय जो येणार नाही त्याला शंभर रुपयांपर्यंत दंड, आणि तो न भरल्यास पंधरा दिवस दिवाणी तुरुंग. शंभर रुपये ही त्या काळी साधी रक्कम नव्हती. खटला एका दिवसाहून अधिक चालला तर ज्यूररांना एकत्र अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवायचे की घरी जाऊ द्यायचे, हेही न्यायाधीशाच्या हाती होते.

पण खरे वाचनीय आहे ते पुढचे, सूट देणारे कलम. न्यायाधीश, कलेक्टर, पोलीस, सैन्यातले लोक यांना सूट होती. धर्मकार्य प्रत्यक्ष चालवणारे पुरोहित व पाद्री, नियमित व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, टपाल व तार खात्यातले नोकर यांनाही होती. सरकारी किंवा रेल्वेच्या नोकराची गैरसोय जनतेला भोगावी लागेल असे त्याच्या खात्याच्या प्रमुखाने कळवले, तर न्यायालय त्यालाही मोकळे करू शकत असे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ही यादी एखाद्या संहितेसारखी वाचावी. समाजात कोणते काम एक दिवसही थांबू शकत नाही, याची ती सरकारी कबुली आहे. तारेची यंत्रे थांबू शकत नाहीत, आगगाडी थांबू शकत नाही, देवळातली पूजा थांबू शकत नाही. चूल आणि पाळणा मात्र या यादीत नाहीत. ते थांबू शकतात म्हणून नव्हे. ते चालवणारी व्यक्ती मूळ यादीतच नसल्याने तिला सूट देण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. सूट मिळण्यासाठीसुद्धा आधी नागरिक म्हणून मोजले जावे लागते.

नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात ही रचना पाहू. इंग्रजी अमलात ज्यूरी सर्व जिल्ह्यांत नव्हती. सरकारने ज्या जिल्ह्यांना व गुन्ह्यांना ती लागू केली तिथेच ती असे. इतरत्र न्यायाधीशाच्या मदतीला असेसर बसत. त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे, पण हजेरी मात्र त्यांच्यावर बंधनकारक असे. समजा, येवल्याच्या एखाद्या व्यापाऱ्याला किंवा कळवणच्या एखाद्या जमीनदाराला असे बोलावणे आले. तो नाशिकला जाऊन चार दिवस राहणार. दुकान भाऊ किंवा मुनीम बघेल, शेत वाटेकरी बघेल. घरातली आजारी आई, तापाने फणफणलेले मूल, दुभती गाय यांची व्यवस्था मात्र त्याला करावीच लागत नाही, कारण ती आधीच झालेली आहे. नागरिकत्वाचे कर्तव्य त्याने बजावले अशी नोंद होते. ते ज्या श्रमावर उभे होते त्याची नोंद कुठेच होत नाही. ओढाताण त्या काळीही होतीच. फक्त ती एका माणसात नव्हती. दोघांत वाटलेली होती, आणि दोघांपैकी एकाचेच नाव यादीत होते.

नाशिकच्या राजकीय इतिहासात ज्यूरीची आठवण येते ती तिच्या अभावामुळे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. तो खटला आणि पाठोपाठचा नाशिक कटाचा खटला, दोन्ही मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या विशेष पीठापुढे चालले. १९०८ च्या एका कायद्याने अशा पीठापुढील खटल्यांतून ज्यूरी काढूनच टाकली होती. सरकारला हिंदी पुरुषांच्या न्यायबुद्धीचीही खात्री वाटेनाशी झाली की काय होते, याचे हे उदाहरण. आपल्या इतिहासकारांनी या अन्यायाची दखल घेतली, आणि ते योग्यच होते. पण ज्या कारणाने हिंदी पुरुषाला तात्पुरते दूर केले गेले त्याची चर्चा झाली. स्त्रीला कायमचे दूर ठेवले होते त्याची झाली नाही. पहिली गोष्ट अपमान वाटली, दुसरी रीत वाटली.

ही रीत ज्यांना रीत वाटली नाही अशा एका बाईंचा जन्म नाशिकचाच. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म इथे १८६६ मध्ये झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, आणि ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. ती परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली; पदवी त्यांच्या हाती पडली १९२२ मध्ये, मध्ये तीस वर्षे गेली. १८९६ मध्ये त्या पुण्याच्या न्यायालयात बचावासाठी उभ्या राहिल्या. पण स्त्रियांना वकिली करण्याचा मार्ग कायद्याने मोकळा झाला तो १९२३ मध्ये. दरम्यान १९०४ पासून त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये काम केले, पडद्यातल्या विधवा आणि अज्ञान मुले यांच्या मालमत्तेचे व हिताचे. हा तपशील आम्हाला बोलका वाटतो. न्यायव्यवस्थेने स्त्रीला पहिली जागा दिली ती घर आणि न्यायालय यांच्यामधल्या उंबरठ्यावर. उंबरठ्याच्या आत काय घडते हे पुरुष वकिलाला कळू शकत नव्हते, म्हणून ती हवी होती. हे ज्ञान साक्ष गोळा करण्यासाठी उपयोगी मानले गेले. निवाडा करण्यासाठी मात्र नाही.

या वगळण्याची किंमत कोणी मोजली? त्याचे उत्तर मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना दूर शोधावे लागू नये. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपल्या नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्यावर आली. त्या खटल्यावरून वृत्तपत्रांत स्त्रीजातीच्या नीतीवर जी झोड उठली तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. तो ग्रंथ आपण स्त्रीवादी लेखनाचा आरंभ म्हणून शिकवतो. तो एका न भरलेल्या आसनावरून दिलेला निवाडा म्हणूनही वाचता येतो. त्या न्यायालयात स्त्रीला आरोपी म्हणून किंवा साक्षीदार म्हणूनच प्रवेश होता. बालहत्या म्हणजे काय हे ठरवणाऱ्यांपैकी कोणाच्याही वाट्याला बाळंतपण आले नव्हते. न्यायालयात जे बोलता आले नसते ते ताराबाई छापखान्यात बोलल्या : आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी बाई का, तिच्याबरोबरचा पुरुष कुठे आहे? याच गुन्ह्याकडे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्येच वेगळ्या दृष्टीने पाहिले होते. त्यांनी शिक्षेऐवजी जागा दिली. बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे तिथे जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेतले. मूल सांभाळण्याची जबाबदारी स्वीकारलेल्या माणसांचा न्याय कसा असतो, याचा हा पुरावा आहे.

हा दोष केवळ वसाहतीचा किंवा केवळ आपला होता असेही म्हणता येत नाही. १९६१ च्या नोव्हेंबर महिन्यात चार दिवसांच्या अंतराने दोन सर्वोच्च न्यायालयांनी दोन निकाल दिले. २४ तारखेला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने नानावटींची जन्मठेप कायम केली. ज्यूरीचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९६० मध्येच बाजूला सारला होता. त्याआधी २० तारखेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्वेंडोलिन हॉइट या स्त्रीचे अपील फेटाळले. तिने पतीला मारले होते आणि तिला दोषी ठरवणारी ज्यूरी सर्वस्वी पुरुषांची होती. फ्लोरिडात स्त्रीने आपणहून नाव नोंदवले तरच ती ज्यूरीच्या यादीत येई. त्या परगण्यातल्या सुमारे ४६,००० स्त्री मतदारांपैकी जेमतेम २२० जणींनी ते केले होते. न्यायालयाला त्यात गैर दिसले नाही, कारण स्त्री ही अजूनही घराचा आणि कुटुंबाचा केंद्रबिंदू आहे. तिथली ही भूमिका १९७५ मध्ये बदलली. पण १९६१ च्या त्या वाक्यातला सन्मान जपून वाचायला हवा. केंद्रबिंदू म्हणून ज्याचा गौरव होतो त्याला जागचे हलता येत नाही.

नानावटी खटल्याने भारतातली ज्यूरी संपवली अशी आख्यायिका आहे. ती पूर्ण खरी नाही. विधी आयोगाने ज्यूरी बंद करण्याची शिफारस १९५८ मध्येच केली होती, असेसर तर १९५५ च्या दुरुस्तीने गेले होते. १९७३ च्या संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही आणि २०२४ मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेतही ते नाही. पारशी विवाह न्यायालयात पाच प्रतिनिधींच्या रूपाने तिचा एक अंश तेवढा शिल्लक आहे. म्हणजे स्त्रीला न्याय करायला बसण्याचा हक्क सामान्यपणे मिळावा, त्याची ओढाताण तिच्या वाट्याला यावी आणि तिच्यावर समाजाने काही तोडगा काढावा, हा टप्पा आपल्याकडे आलाच नाही. १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये एका शिक्षिकेची नोकरी आणि तिच्या पोटातले मूल या दोन्हींचा निवाडा सोबतचे हौशी नट खेळाखेळात करून टाकतात. त्या खेळात भूमिका सहज वाटल्या जातात, आणि आरोपीची भूमिका बेणारेकडे जाते. ही वाटणी आपल्याला ओळखीची वाटते, कारण ती नाटकाआधी कायद्याने केलेली होती.

ज्यूरी गेली, पण कर्तव्याचे बोलावणे गेले नाही. आज ते निवडणुकीच्या कामाचा आदेश म्हणून येते, जनगणनेचे काम म्हणून येते, पंच म्हणून सहीसाठी येते. नाशिकच्या महाविद्यालयांत आणि शाळांत काम करणाऱ्या स्त्रियांचे नाव आता यादीत आहे, हा मोठा पल्ला आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्य घेऊन निघायचे, आणि यंत्रे जमा होईपर्यंत, मग रात्र कितीही होवो, थांबायचे. या दोन दिवसांत मूल कोणाकडे, हा प्रश्न तिने आपल्या खर्चाने आणि आपल्या नात्यांतून सोडवायचा. सासू, आई, शेजारची मावशी, थोरली मुलगी. थोडी हालचाल झाली आहे, नाही असे नाही. राज्य शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा आणली आणि पत्नी हयात नसलेल्या पुरुषालाही तिच्यात जागा ठेवली. पण त्या तरतुदीतही पत्नी हयात असेपर्यंत बापाचे संगोपन हे सामान्यतः गृहीत धरलेले नाही.

१८९८ च्या यादीत टपाल खात्यातल्या माणसाला सूट होती, कारण त्याचे काम हे काम आहे हे सर्वांना मान्य होते. आदेशाच्या कागदावर आज स्त्रीचे नाव, पद आणि पत्ता असतो. ती ज्या कामातून उठून येते, ते भरायचा रकाना त्या कागदावर अजून नाही. तो कधी आला, तर तो स्त्री-पुरुष दोघांच्याही कागदावर असावा.